खडकावर टिकणारा दोर

नळदुर्ग,
ता. ११ नोव्हेंबर १९४६

चि. सत्यभामा हिस बलभीमदादाचा आशीर्वाद.

पाच वर्षांनी माझं अक्षर बघून काळजात धस्स होईल तुझ्या, म्हणून आधीच सांगतो, घरात सगळे धड आहेत. आबाही आहेत आणि त्यांचा राग तर अगदी ठणठणीत आहे.

मी आता निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपाई आहे. सोलापूरकडून येणाऱ्या गाड्या थांबवायच्या, पोती मोजायची. पहाटे जातो तो दिवेलागणीला येतो. घरचं सगळं तुझी वहिनी कडूबाई बघते.

काम असं आहे. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. गळाला गांडूळ लावायला जातात आणि स्वतःच्याच बोटात गळ रुतवून घेतात. पण नदीवर गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मग त्यांनी जुन्या वाटीचा पत्रा ठोकून पितळेचा मासा केला, बोटाएवढा. त्यालाच गळ जोडलाय. दोर बांधून लांब फेकायचा आणि भराभर ओढायचा. पाण्यात तो झळकत पळतो, मरळीला वाटतं खराच मासा, ती झडप घालते. गांडूळ नको, डोळे नकोत.

पण बंधाऱ्याखालचा रांजणाचा डोह तुला ठाऊक आहे. तळ सगळा खडकाचा, आणि खडकाला कडा सुरीसारख्या. दोर घासला की तुटतो. आबांचा अंबाडीचा दोर जाड, घासला तरी टिकतो. पण तो लांब जात नाही, पितळ पायापाशीच धपकन पडतं. बारीक दोर लांब जातो तर खडक त्याला ठेवत नाही. तू सुताच्या गावात राहतेस, रेवणसिद्धराव गिरणीत जॉबर आहेत. असा दोर मिळेल का, जो लांब जाईल आणि खडकावर टिकेल?

तुझं नाव मी आबांना सांगणार नाही. लग्न केलंस त्या दिवशी ते काय म्हणाले ते तू विसरली नसशील. ‘लिंगायताच्या घरात गेलीस, आता भोयाचा उंबरा तुला बंद.’ तो शब्द त्यांनी अजून मागे घेतलेला नाही.

तुझा
बलभीम

---

सोलापूर,
ता. २३ नोव्हेंबर १९४६

ती. दादास सत्यभामेचा नमस्कार.

पत्र हातात घेऊन मी किती वेळ नुसती बसून होते. हे म्हणाले, वाच तरी. मग वाचलं.

सोबत दोर पाठवला आहे. कंट्रोलच्या दिवसांत चांगलं सूत मिळणं मुश्कील, पण ह्यांनी कुठून तरी आणलं. विकतच्या दोरावर माझा भरवसा नाही, म्हणून मी घरीच मांडीवर वळलाय, तीन पेडी. बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळून काढलाय म्हणजे कुजायचा नाही. या घरात माशाचं नाव काढत नाहीत. सासूबाई दुपारी मठात जातात, तेवढ्या वेळात वळला. बाभळीचा वास आला तेव्हा म्हणाल्या, हे काय शिजवतेयस? म्हटलं, जुनं लुगडं रंगवतेय.

आबांना दिसत नाही हे तुम्ही इतक्या उशिरा का कळवलंत? तरी मी येणार नाही. तेही सांगून ठेवते. निघताना मीही मोटारीत बसून शपथ घेतली होती की आबांनी स्वतः बोलावल्याशिवाय नळदुर्गाच्या मातीला पाय लावणार नाही. मी त्यांचीच मुलगी आहे. पण त्यांनी बोलावलं तर अंगावरच्या कपड्यांनिशी निघेन, हेही खरं.

मला दोन मुलं आहेत. थोरली गिरिजा, धाकटा अजून मांडीवर आहे.

सत्यभामा

---

नळदुर्ग,
ता. १९ डिसेंबर १९४६

चि. सत्यभामा,

दोर पोचला. नाक्यावर पुडकं उघडलं गेलं. कारकून म्हणाला, एवढ्याशा सुतावर काय महसूल घ्यायचा, ने घरी.

आबांना सांगितलं की सोलापुरातल्या शिवप्पा नावाच्या दुकानदाराकडून मागवलाय. त्यांनी दोर हातात घेतला, चिमटीतून सगळा ओढून बघितला, अगदी शेवटापर्यंत. दोर घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आठवड्याने मी विचारलं तर म्हणाले, “न्हाय टिकला. सूत पानी पितंय. भिजलं की फुगतंय, जड हुतंय, मग फेकावं कसं? आन् फुगल्यालं सूत खडकावर लवकर सुटतंय. त्या दुकानदाराला लिही, दुसरा धाड मनावं.”

मी नाक्यावर असतो, त्यामुळे नदीवर काय होतं ते मला त्यांच्या तोंडूनच कळतं. तुझ्या मेहनतीवर पाणी पडलं याचं वाईट वाटलं. जमलं तर दुसरा पाठव.

कडूबाईला तुझ्या मुलांचं सांगितलं. ती रडली. तिला मूल नाही हे तुला माहीत आहेच.

बलभीम

---

सोलापूर,
ता. २७ जानेवारी १९४७

ती. दादास नमस्कार.

आबा म्हणाले ते खरं आहे. सूत पाणी पितं. मी भोयाची पोर असून विसरले, लाज वाटली.

या वेळी रेशीम पाठवतेय. शेजारी पीतांबर विणणारे आहेत, त्यांच्याकडून घेतलं. रेशीम पाणी धरत नाही, बारीक असून ओढीला दमदार. वरून मेण चोळलंय. आबांना सांगा, भिजवून फेका, हवेत सरळ जाईल.

हा दोर वळताना सासूबाईंनी मला पकडलं. त्या मठातून लवकर आल्या आणि मी मांडीवर रेशीम वळत बसलेली. गळ्यातल्या लिंगाचा शिवदोरा रेशमाचाच असतो, त्यांना वाटलं मी तोच करतेय. माझ्या डोक्यावर हात ठेवला. पाच वर्षांत पहिल्यांदा ठेवला, दादा. मला खोटं बोलवेना. म्हटलं, हा माझ्या आबांचा मासे धरायचा दोर आहे. त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. थोड्या वेळाने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दिसत नाही ना त्यांना? मग पीळ घट्ट दे.

परक्या घरच्या बाईला कळतं ते आबांना का कळत नाही, असं त्या दिवशी फार वाटलं.

आबा माझं नाव कधी काढतात का? नसतील काढत तर तसं लिहा, मन राखायला काही लिहू नका.

सत्यभामा

---

नळदुर्ग,
ता. ८ मार्च १९४७

चि. सत्यभामा,

मन राखायला लिहू नको म्हणालीस, म्हणून खरं लिहितो. नाव काढत नाहीत. मीच एकदा विषय काढला तर उठून गेले.

रेशीमही टिकलं नाही म्हणतात. त्यांचे शब्द देतो. “फेकायला लई गोड हाय. मावळतीच्या कपारीपतूर जातंय. पर एकदा कडंला घासलं की एक पेड तुटतोय, मग दुसरा, मग तिसरा. रेशीम तानाला वाघ, घसटीला शेळी. खालचं टोक तेवढं दुसऱ्या कशाचं तरी पायजे. घोड्याच्या शेपटीचा केस लावून बघ मनावं. केस गुळगुळीत, खडकावरून सरकतोय.”

म्हातारपणी माणूस बडबड्या होतो हे मात्र खरं. त्या दुकानदारात त्यांचा भलताच जीव गुंतलाय. परवा विचारत होते, “दुकानदाराची तब्येत बरी हाय का? पोरंबाळं हायत का तेला?” मी म्हटलं, असतील, मला काय ठाऊक. तर चिडले. “दोर मागवतोस, मानसाची खुशाली इचारत न्हाईस. काय रीत हाय व्हय ही?” मग मी सांगितलं की दोन मुलं आहेत, थोरली मुलगी. दुकानदाराची म्हणून तुझीच सांगून टाकली. त्यांनी मुलीचं नाव विचारलं. गिरिजा म्हटलं. म्हणाले, “चांगलं हाय.”

मासा अजून एकही मिळालेला नाही. रोज सकाळी काठी टेकत जातात आणि रिकामे येतात.

बलभीम

---

सोलापूर,
ता. १५ जून १९४७

ती. दादास नमस्कार.

उशीर झाला. गिरिजाला विषमज्वर झाला होता. आता उठून बसते, केस सगळे गेले. तुम्ही आबांना सांगू नका. सांगून तरी काय, त्यांना ती दुकानदाराचीच मुलगी.

दोर पाठवतेय. वरचा सगळा रेशमाचा, आणि खाली दोन हात घोड्याच्या केसांचं टोक. आमच्या गल्लीतल्या टांगेवाल्याच्या पांढऱ्या घोड्याचे केस आहेत. पांढरा केस पाण्यात दिसत नाही असं आबाच म्हणायचे. केस आणि रेशीम जोडलंय तिथे गाठ मोठी होऊ दिली नाही, पेडात पेड गुंफून वर बारीक दोऱ्याने आवळलंय, म्हणजे कपारीत अडकणार नाही.

गिरिजा तापात होती तेव्हा मी उशाशी बसून हे टोक गुंफत होते. हातांना काम नसतं तर मला वेड लागलं असतं. आबांना यातलं काही कळायचं नाही, आणि कळू नयेच. पण एकदा तरी त्यांनी म्हणावं, दोर चांगला आहे. दुकानदाराला म्हणाले तरी चालेल मला.

सत्यभामा

---

नळदुर्ग,
ता. ४ डिसेंबर १९४७

चि. सत्यभामा,

मधल्या महिन्यांत लिहिता आलं नाही. तिकडे झेंडे लागले, तुम्ही मिठाई वाटली असेल. इथे निजामाचंच राज्य आहे आणि रझाकारांच्या टोळ्या फिरतात. निम्मं गाव सोलापूरकडे निघून गेलं. मी सरकारी नोकर, मला सुट्टी नाही. आबा नदी सोडायला तयार नाहीत. आमची चिंता करू नकोस, भोयाच्या घरात लुटायला काय आहे?

तो तिसरा दोर आबांनी महिनाभर ठेवला. मला वाटलं, टिकला वाटतं. पण मग म्हणाले, “टोक टिकलं, पर केस लांबतोय. मासा चावल्याला हाताला उशिरा कळतंय. मला डोळं न्हाईत, हातालाच कळायला पायजे. आनखी एक करून बघ मनावं. घाई न्हाय.”

मी वैतागून म्हणालो, आबा, तुम्हाला कुठलाच दोर पसंत पडत नाही. तर हसले. आबा हसले म्हणजे काय, तुला माहीत आहे. मी आठवून बघितलं, आई गेल्यापासून हसले नव्हते.

त्यांना खोकला लागलाय. अंगात कणकण असते. पाठवायचा असेल तर दोर लवकर पाठव.

बलभीम

---

सोलापूर,
ता. ६ फेब्रुवारी १९४८

ती. दादास नमस्कार.

नळदुर्गाहून आलेली माणसं इथे छावणीत आहेत. त्यांतल्या दगडाबाई भेटल्या, आपल्या आळीतल्या. म्हणाल्या, तुझा बाप हाडांचा सापळा झालाय, रक्त खोकतो. तुम्ही ‘कणकण’ लिहिलंत.

दादा, माझी शपथ मी मोडली. आबांनी बोलावलं नाही तरी येते. दोर तयार आहे, अंबाडीचा बारीक गाभा आणि वरून रेशीम गुंडाळलेलं. हा लांबणार नाही आणि घासला तरी आतला गाभा टिकेल. तो पोस्टाने पाठवत नाही, माझ्या हाताने त्यांच्या हातात देणार आहे. शिवरात्र झाली की मिळेल त्या मोटारीने, नाहीतर बैलगाडीने निघते. ह्यांचं आणि सासूबाईंचं बोलणं झालंय, मुलं त्या बघतील.

आबांना आता सांगून टाका, दुकानदार कोण आहे ते. उंबऱ्याच्या आत घेतलं नाही तर मी बाहेर ओट्यावर बसेन. ते तोंड फिरवून बसले तरी चालेल, मला त्यांची पाठ दिसेल.

सत्यभामा

---

नळदुर्ग,
ता. १४ फेब्रुवारी १९४८

चि. सत्यभामा,

तुझं पत्र वाचून दाखवलं. दुकानदार कोण तेही सांगितलं. आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला जवळ बसवून लिहायला सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो, माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

“दोर टिकला. केसाचाच. कालच मासा घावला. आता दोराची गरज न्हाय, धाडू नगंस. आन् हितं कुनी यायचं बी कारन न्हाय. उंबरा बंद हाय, तो बंदच हाय.”

भामे, ते काल नदीवर गेले नव्हते. पंधरवडा झाला, अंथरुणातून उठलेले नाहीत. मी पाया पडलो, कडूबाई रडली, पण ते ऐकेनात. इतका निष्ठुर माणूस मी बघितला नाही. काय करायचं ते तूच ठरव. मोटारी बंद पडताहेत, एवढं लक्षात ठेव.

बलभीम

---

सोलापूर,
ता. २ मार्च १९४८

दादा,

आबांना सांगा, दुकान बंद झालं.

तीन दोर वळले, चौथा हातात होता. मुलीच्या उशाशी बसून वळले. त्यातला एक चालला आणि मासा मिळाला म्हणता, आनंद आहे. गरज होती तोवर दुकानदाराची खुशाली विचारली. दुकानदार म्हणजे मुलगी हे कळल्यावर गरज संपली. मी येत नाही. आता त्यांनी बोलावलं तरी येणार नाही. मला बाप नव्हताच असं समजेन.

इकडे येणाऱ्याच्या हाती निरोपही पाठवू नका.

सत्यभामा

---

नळदुर्ग,
ता. ५ ऑक्टोबर १९४८

चि. सत्यभामा,

रस्ता उघडला. निजामाचं राज्य गेलं. नाका ओस पडलाय, मी घरीच आहे. टपाल सुरू झाल्याबरोबर पहिलं पत्र तुला लिहितोय.

आबा गेले. वैशाखात गेले. सगळीकडून रस्ते बंद होते, तुला कसं कळवणार होतो? नदीच्या काठीच मूठमाती दिली. माणसं कमी होती. मी आणि शेजारचे तिघे, बस.

पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहिलंच पाहिजे.

तिसऱ्या दिवशी कडूबाईने त्यांचं अंथरूण उचललं. उशाशी एक गाडगं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. त्यात तुझे दोर होते. तिन्ही. सुताचा, रेशमाचा आणि केसाच्या टोकाचा. तू जशा गुंडाळ्या केल्या होत्यास तशाच. एकालाही पाणी लागलेलं नव्हतं. एकही पेड तुटलेला नव्हता, मेणसुद्धा जिथल्या तिथे. इतके दिवस आबा आपल्या जुन्या अंबाडीच्या दोरानेच मासे धरायला जात होते.

मी डोकं धरून बसलो. मग कडूबाई बोलली. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सुताचा दोर आला तेव्हा आबांनी ओट्यावर तो परत एकदा चिमटीतून ओढला आणि तिला हाक मारून म्हणाले, “कडू, ह्यो डावऱ्या हाताचा पीळ हाय.”

आपल्या घरात सगळ्यांनी उजव्या हाताने मांडीवर दोर वळला. उलटा पीळ एकट्या तुझाच. लहानपणी त्यापायी तू मार खाल्लास आणि शेवटी आबांनीच हात टेकले. हे तुझ्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. भोयाची पोरं आपण, आणि आंधळ्या भोयाला दुकानदाराची गोष्ट सांगत बसलो.

त्यांनी कडूबाईला शपथ घातली होती, बलभीमला सांगायचं नाही. म्हणाले, “टिकला मनलो तर पोरगी दोर धाडायची बंद करंल.” म्हणून प्रत्येक दोर तुटत होता. काय खोट काढायची ते आठवडाभर विचार करून ठरवायचे, तिला सांगून बघायचे आणि मग मला सांगायचे. गिरिजाचं नाव कळलं त्या दिवशी कडूबाईला म्हणाले, “नात हाय मला.”

गाडगं तुझ्यासाठी ठेवलंय. ये.

बलभीम

---

सोलापूर,
ता. ११ ऑक्टोबर १९४८

दादा,

येते. पण त्याआधी एका गोष्टीचं उत्तर द्या. खरं द्या, मी सोसेन.

माझं मार्चमधलं पत्र आबांना वाचून दाखवलंत का? नसेल दाखवलं तर मी जगेन. दाखवलं असेल तर ते काय म्हणाले ते मला कळायलाच पाहिजे. मला बाप नव्हताच, असं मी लिहिलं होतं. रात्री डोळे मिटले की तेच वाक्य दिसतं. सासूबाई म्हणतात, विचारू नकोस. मला विचारल्यावाचून राहवत नाही.

सत्यभामा

---

नळदुर्ग,
ता. १६ ऑक्टोबर १९४८

भामे,

वाचून दाखवलं. सगळं, एक शब्द न गाळता. मीही तेव्हा त्यांच्यावर चिडलेलो होतो. वाटलं, ऐकू दे यांना.

तू येणार असं तुझ्या आधीच्या पत्रात ऐकल्यापासून ते धड जेवत नव्हते, हे मी तुला लिहिलं होतं. मला वाटलं, रागाने जेवत नाहीत. रात्रंदिवस कान रस्त्याकडे असायचा. कुठे मोटार वाजली की उठून बसायचे आणि विचारायचे, “कोन उतरलं?” तुझं ते पत्र आलं त्याच आठवड्यात सोलापूरच्या रस्त्यावर रझाकारांनी गाड्या अडवून बायकापोरांना उतरवलं होतं, काहींचा पुढे पत्ता लागला नाही. मी ते तुला लिहिलं नाही, तू घाबरशील म्हणून. आबांना मात्र ठाऊक होतं. अंथरुणात पडलेल्याला ओट्यावरचं सगळं बोलणं ऐकू येतं.

तुझं पत्र संपलं तेव्हा म्हणाले, “परत वाच.” परत वाचलं. मग विचारलं, “येत न्हाय असंच लिवलंय का?” मी म्हणालो, होय, बोलावलं तरी येणार नाही म्हणते. तर म्हणाले, “लई राग आलाय पोरीला. मंग न्हाय येनार ती. माझीच हाय.”

मग कडूबाईला हाक मारली आणि भाकरी मागितली. बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी ते पोटभर जेवले.

बलभीम